खानदेशातील शिंदीची बने : झाडे उभी आहेत, पण बन जगते आहे काय ?

तापी, गिरणा, पांझरा, बोरी, बुराई, अनेर या नद्यांना मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या काठाने उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्यास एक वृक्ष हमखास दिसतो. सभोवार रान करपून गेलेले असते, कपाशीची शेते नांगरून पडलेली असतात, निंब-बाभळीखेरीज हिरवे म्हणून काही उरलेले नसते. अशा वेळी राखी-हिरव्या झावळ्यांचा मुकुट मिरवीत काठावर उभी असते ती शिंदी. धुळे व जळगाव जिल्ह्यांतील जुन्या खेड्यांतून हे झाड कोणी मुद्दाम लावलेले नाही आणि त्याला कोणी पाणीही घातलेले नाही. पक्ष्यांनी व कोल्ह्यांनी फळे खाल्ली, बिया काठावरच्या गाळात पडल्या आणि बने उभी राहिली. जे कष्टाविना मिळते त्याची गणती होत नाही. म्हणूनच ते केव्हा संपू लागले, हेही ध्यानात येत नाही.

शिंदीची जात आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, असे नव्हे. भारतात तिचा विस्तार मोठा आहे. परंतु एखाद्या गावापुरते, एखाद्या नाल्यापुरते तिचे बन कायमचे नाहीसे होऊ शकते. आणि ते होत असताना उंच झाडे मात्र डौलाने उभी असतात. हे कसे घडते व ते कसे टाळावे, याचा विचार ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी करणे अगत्याचे आहे.

झाडाची ओळख

शिंदी ही खजुराची सख्खी बहीण होय. शास्त्रीय परिभाषेत तिला 'फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस', म्हणजे रानातील खजूर असे म्हणतात. तिचे खोड एकच व सरळ असून ते साधारणतः तीस ते पन्नास फुटांपर्यंत उंच जाते. गळून गेलेल्या झावळ्यांच्या देठांची खुंटे खोडावर तशीच राहतात. त्यामुळे खोड खवल्यांनी मढविल्यासारखे दिसते. झावळीच्या बुडाकडील पर्णिकांचे रूपांतर लांब व तीक्ष्ण काट्यांत झालेले असते.

खजुरात व शिंदीत शेतकऱ्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचा भेद आहे. खजुराच्या बुडाशी पिल्ले फुटतात व ती काढून नवे झाड लावता येते. शिंदीला अशी पिल्ले सहसा येत नाहीत. तिची वाढ शेंड्यातील एकाच कोंबातून होते. निंब किंवा बाभूळ तोडली तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. शिंदीचा शेंडा छाटला की झाड मेले. शेंड्यातील पांढरा गाभा चवीला गोड लागतो म्हणून कोठे कोठे तो काढून खातात. पण घटकाभराच्या त्या खाऊची किंमत एक संपूर्ण झाड ही असते.

दुसरी गोष्ट अशी की, ताड-माडाच्या कुळातील झाडांना आंबा-निंबासारखी साल नसते व खोडाची जखम भरून येत नाही. एकदा पडलेली खाच झाड जिवंत असेतोवर तशीच राहते.

घरीदारी उपयोग

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जी नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजली जाते, ती परंपरेने शिंदीच्या पानांची असते. मातंग समाजातील कारागिरांनी केरसुण्या बांधण्याची ही कला पिढ्यान् पिढ्या जतन केली आहे. याच पानांच्या चटया व टोपल्या विणतात, दोऱ्या वळतात. खोडाचे वासे छपराला व पाटावरील साकवाला उपयोगी पडतात. वैशाखाच्या अखेरीपासून पिकणाऱ्या पिवळ्या-तांबूस शिंदोळ्या मुले आवडीने खातात. त्यांत गर थोडा व बी मोठे असते, हे खरे. तरी रानात दुसरे फळ नसते त्या दिवसांत पक्ष्यांना त्या मोठा आधार होतात.

विहिरीवर किंवा डोहावर झुकलेल्या शिंदीच्या झावळ्यांना सुगरण पक्षी आपले खोपे टांगतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेने हा पक्षी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविला. काटेरी झावळी व खाली पाणी यांमुळे साप-मांजरांना तेथे सहज जाता येत नाही.

शिंदीच्या गोड रसापासून गूळ होतो. बंगालमध्ये हिवाळ्यात ज्या 'नोलेन' गुळाचा एवढा गौरव होतो, तो याच झाडाच्या रसाचा. त्या गुळाचा वापर करून होणाऱ्या जयनगरच्या 'मोआ' या मिठाईला २०१५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या देशात ताडगुळाचा उद्योग ग्रामोद्योगांच्या यादीत असून १९५७ साली स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे तो सोपविण्यात आला होता. म्हणजे जे झाड आपण निरुपयोगी म्हणून तोडतो, त्याच झाडावर अन्यत्र कित्येक कुटुंबांचा हिवाळा निघतो.

या सर्वांहून मोठा, परंतु हिशेबात न धरला जाणारा उपयोग म्हणजे काठाचे रक्षण. शिंदीची तंतुमय मुळे गाळाच्या मातीत दाट जाळे विणतात. तापीच्या दोहों बाजूंस गाळाच्या जमिनी खोल असून पावसाच्या लोंढ्याने त्यांना घळी पडतात. ज्या काठावर मुळांचे जाळे आहे, तो काठ पुराला अधिक काळ टिकाव धरतो.

बन मुकाट्याने कसे संपते

शिंदीत नर व मादी झाडे निरनिराळी असतात. माघापासून चैत्रापर्यंत दोहोंना फुले येतात. नराचा तुरा दाट, पांढरट व सुगंधी असून हलविला असता पिठासारखे पराग उडतात. मादीची फुले हिरवट, गोलसर व विरळ असतात. वाऱ्याने पराग मादीपर्यंत पोहोचले तरच फळात रुजणारे बी धरते. इराकच्या प्राचीन शेतकऱ्यांना खजुराच्या बाबतीत हे हजारो वर्षांपूर्वी कळले होते. ते नराचे तुरे कापून मादीच्या फुलोऱ्यात हाताने बांधीत.

आता एखाद्या नाल्यावर बारा शिंदी उभ्या आहेत, असे समजू. शिंदोळ्या न देणारी झाडे 'वांझ' समजून कोणी तोडली. ती वांझ नव्हती, नर होती. उरलेल्या माद्या हिरव्यागार दिसतील, वर्षानुवर्षे उभ्या राहतील. परंतु जवळपास नर नसेल तर त्यांना रुजणारे बी धरणार नाही. याउलट, जेथे नुसते नरच राहिले तेथे फुले येतील, फळ येणार नाही. पाहणाऱ्याला बन भरलेले दिसते. प्रत्यक्षात ते निर्वंश झालेले असते. शेवटचे म्हातारे झाड वादळात पडते त्या दिवशी गाव म्हणते, “शिंदी गेली.” ती पुष्कळ वर्षांपूर्वीच गेलेली असते.

नर-मादी दोन्ही असूनही बन संपू शकते. बी रुजले की प्रथम एकच अरुंद पान वर येते व ते गवताच्या पात्यासारखे दिसते. गवत समजून ते उपटले जाते, शेळ्या खातात, किंवा बांध पेटविताना ते जळते. त्यातून वाचलेल्या लहान रोपांची पाने जमिनीवरून सहज हाताला लागतात, म्हणून केरसुणीसाठी तीच पुन्हापुन्हा कापली जातात व रोप खुरटते. अशा ठिकाणी वर आजोबा-पणजोबा आहेत, पण खाली नातवंडे नाहीत, अशी स्थिती होते.

किनाऱ्यावरील रावणताडाचा धडा

ही केवळ खानदेशची गोष्ट नाही. शिंदीसारखाच नर-मादी वेगळे असलेला एक ताड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. गुजरात, दीव, दमण व उत्तर कोकण येथील समुद्राकाठच्या रेताड जमिनीत तो वाढतो. ताड-माडाला सहसा फांद्या फुटत नाहीत. या झाडाचे खोड मात्र दुभागते, त्या शाखा पुन्हा दुभागतात व अनेक मस्तकांचा वृक्ष तयार होतो. म्हणून लोक त्यास रावणताड म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला 'हायफिनी डायकोटोमा' या नावाने ओळखतात. हे भारताच्या पश्चिम भागाचे खास झाड होय.

रावणताडाची वाढ फार सावकाश होते. त्याचे बी रुजताना कोंब प्रथम वर न येता वाळूत खोल उतरतो आणि पहिले पान पुष्कळ दिवसांनी दिसते. त्यामुळे जमीन साफ करणाऱ्यास खाली नवे रोप आहे, याची कल्पनाही नसते. किनाऱ्याच्या जागेला घरे, रस्ते व करमणुकीची ठिकाणे यांसाठी मागणी वाढली, तसतशी त्याची वाळूची जमीन कमी झाली. मोठी झाडे शोभेसाठी राखली जातात. पण त्यांच्या पायाशी फरशी घातली की बी रुजण्यास जागाच उरत नाही.

समुद्रापलीकडेही हेच आहे. आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या मादागास्कर बेटावरील ताड-माडांच्या १९२ जातींची पाहणी होऊन २०१२ साली तिचा निष्कर्ष जाहीर झाला. त्यांतील ८३ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने सांगितले. त्या बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर सेंट ल्यूस येथील वाळूच्या जंगलात एक ताड आहे. शेवंडे पकडण्याचे पिंजरे करण्यासाठी कोळी त्याचे खोड वापरतात. जंगल तुकड्यातुकड्यांनी उरले आहे आणि झाड तोडल्याशिवाय खोड मिळत नाही, अशी तेथील अडचण आहे.

खानदेशला समुद्र नाही. पण नाल्याकाठची गाळवट हीच येथील शिंदीची किनारपट्टी होय. धडा एकच आहे : ताड-माडाच्या कुळात उभी झाडे मोजून बनाचे आयुष्य कळत नाही, खालची रोपे मोजून कळते. शिंदीच्या बाबतीत एवढे समाधान की, उपाय करण्यास अजून वेळ आहे आणि तो गावाच्या आवाक्यातला आहे.

पाहणी कशी करावी

प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील एका नाल्याची पाहणी फाल्गुन-चैत्रात, म्हणजे झाडे फुलावर असताना करावी. सोबत गावातील एखादा जाणता गुराखी किंवा केरसुणी बांधणारा कारागीर घ्यावा. झाडांची माहिती पुस्तकापेक्षा त्यांना अधिक असते. वहीत पुढील चार आकडे लिहावेत :

(१) फुलणारी नर झाडे;
(२) फुलणारी मादी झाडे;
(३) गुडघ्यापासून पुरुषभर उंचीपर्यंतची, अद्याप न फुललेली झाडे;
(४) एक-दोन पानांची नवी रोपे.

रोपांची गणती पावसाळ्यानंतर पुन्हा करावी, कारण उन्हाळ्यात ती दिसत नाहीत. पहिला किंवा दुसरा आकडा शून्य असेल, तर ते बन बाहेरून बी आणल्याखेरीज वाढणार नाही. तिसरा व चौथा आकडा शून्य असेल, तर चराई, आग किंवा पानांची तोड यांपैकी कशाने रोपे मरतात, ते शोधावे. चारही आकडे भरले असतील, तर त्या बनाला राखण्यापलीकडे काही करावे लागत नाही. नर झाडांच्या खोडावर चुन्याचा पट्टा ओढून ठेवावा, म्हणजे पुढे कोणी त्यांना वांझ समजून तोडणार नाही.

बी व रोपे

ज्येष्ठ-आषाढात पूर्ण पिकून गळालेल्या शिंदोळ्या निरनिराळ्या झाडांखालून गोळा कराव्यात. गर धुऊन काढावा. खजुराप्रमाणेच या बीच्या एका अंगाला उभी खाच असते. बी फार दिवस साठवू नये. ताजे असतानाच सुमारे एक इंच खोल पेरावे. ते रुजण्यास दोन ते तीन महिने, केव्हा केव्हा त्याहूनही अधिक काळ लागतो व सर्व बी एकाच वेळी उगवत नाही. तेव्हा महिन्याभरात कोंब दिसला नाही म्हणून वाफा उकरू नये.

पिशवीत रोपे करावयाची असल्यास पिशवी खोल असावी, कारण पहिले मूळ सरळ खाली जाते. दुसऱ्या पावसाळ्याच्या प्रारंभी रोपे काठावर लावावीत. जेथे चराई रोखता येते तेथे जागेवरच तीन-तीन बिया टोबणे अधिक सोपे व कमी खर्चाचे आहे. दोन जागांत दहा-बारा फुटांचे अंतर पुरते. प्रथमची दोन वर्षे काटेरी फांद्यांचे कुंपण द्यावे. पुढे झाडाचे स्वतःचे काटे त्याचे रक्षण करतात.

रोप नर आहे की मादी, हे फुले येईपर्यंत पाहून ओळखता येत नाही व फुले येण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणून एक-दोन झाडे लावून उपयोग नाही. नर व मादी सारख्या प्रमाणात निपजतात, असे धरले तर चार झाडांचा गट सर्वच्या सर्व एकाच जातीचा निघण्याची शक्यता आठांत एक असते. दहा झाडांच्या गटात ती पाचशे बारांत एक एवढीच राहते. यास्तव एका ठिकाणी किमान दहा झाडे जगतील, अशा बेताने लागवड करावी.

पाने व रस काढताना घ्यावयाची काळजी

पाने मोठ्या झाडांचीच व खालच्या बाजूची कापावीत. शेंड्याचा न उघडलेला कोंब व त्याभोवतालची नवी पाने यांस कधीही हात लावू नये. माणसाच्या कमरेपेक्षा लहान रोपांची पाने मुळीच कापू नयेत, असा नियम गावाने व कारागिरांनी मिळून ठरवावा. यात कारागिराचे नुकसान नाही. आज वाचविलेले रोप उद्या त्यालाच अनेक वर्षे पाने देणार आहे.

शिंदीचा रस शेंड्याजवळील खोडाचा कोवळा भाग तासून काढतात. पहाटेचा ताजा रस म्हणजे नीरा. ऊन चढताच ती आंबू लागते. नीरेसाठी झाड छेदण्याचे काम दारूबंदी अधिनियम, १९४९ या कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून परवान्याची चौकशी केल्यावाचून त्यास हात घालू नये. बंगालमधील जाणते रसकाढे काही दिवस रस काढून झाडास पुन्हा काही दिवस विसावा देतात आणि एका वर्षी एका बाजूने, तर दुसऱ्या वर्षी विरुद्ध बाजूने छेद घेतात. जखम भरून येत नसल्याने खोडावरील या खाचा मोजून झाड किती हिवाळे छेदले गेले, हे सांगता येते. छेद गाभ्यापर्यंत खोल गेला, तर त्या झाडाला पुढचा हिवाळा दिसत नाही.

किडी

शिंदीचे दोन मुख्य शत्रू आहेत. गेंड्या भुंगा शेंड्यातील कोवळा भाग पोखरतो. पान उघडले की ते कात्रीने कातरल्यासारखे दिसते. त्याच्या अळ्या शेणखताच्या जुन्या खड्ड्यांत व कुजक्या खोडांत वाढतात. सोंड्या भुंगा जखमेत अंडी घालतो व त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. बाहेरून लक्षात येईतो शेंडा कोलमडतो. यास्तव बनाजवळील खतखड्डे वेळोवेळी खालीवर करून अळ्या वेचाव्यात, मेलेली खोडे काठावर कुजत न ठेवता हलवावीत व झाडास विनाकारण कोयता मारू नये. जखम टाळणे हाच सोंड्यावरील सर्वांत स्वस्त इलाज होय.

नाल्याची कामे व शिंदी

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात व तत्सम योजनांत नाले रुंद व खोल करण्याची कामे राज्यभर झाली. अवर्षणाने गांजलेल्या खानदेशला पाणी हवेच आहे. त्याविषयी दुमत नाही. परंतु यंत्र काठावर येण्यापूर्वी एक दिवस आधी शिंदीची झाडे दाखवून देणे ग्रामकार्यकर्त्याच्या हातात असते. खोदाई शक्यतो एका काठाने करावी, दुसरा काठ झाडांसह राखावा. आणि उपसलेली माती रोपांवर न टाकता दूर पसरावी. काही झाडे काढणे अटळच असेल, तर निदान बनातील सर्व नर किंवा सर्व माद्या एकदम जाणार नाहीत, एवढे पाहावे. काम संपल्यावर त्याच मोकळ्या काठावर पहिल्या पावसात बी टोबावे. नव्याने उघड्या पडलेल्या काठाला मुळांची गरज सर्वांत अधिक असते.

उपसंहार

शिंदीला खत नको, औषध नको, पाण्याची पाळी नको. तिला हवी आहे काठाची चार हात जागा, नर-मादीची जोड आणि रोपाला दोन वर्षांची राखण. येत्या चैत्रात प्रत्येक गावाने आपल्या एका नाल्यावरील शिंदी मोजावी आणि ते चार आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. पाच वर्षांनी त्याच नाल्यावर तेच आकडे पुन्हा घ्यावेत. तिसरा आकडा वाढलेला दिसला, तर समजावे की आजच्या मुलांच्या नातवंडांनाही वैशाखात शिंदोळ्या, दिवाळीत केरसुणी आणि विहिरीवर सुगरणीचा खोपा पाहावयास मिळेल.